५७ लाखांचे २५ लाख कसे झाले

‘भारतात २००६ साली ५७ लाख एचआयव्हीबाधित आणि वर्षभरात २५ लाख, म्हणजे सरकारने आकडे दाबले’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. अंदाज बांधायची पद्धत सुधारली, म्हणून आकडा उतरला.

आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी रुग्णालयांतल्या गरोदर बायका आणि गुप्तरोग विभागातले रुग्ण यांच्यावरून काढलेला. गरोदर बाईचं सिफिलिसच्या तपासणीसाठी रक्त घेतात. त्यातलं उरलेलं, नाव-पत्ता काढून, एचआयव्हीसाठी तपासायचं. साथ वाढतेय की ओसरतेय, हे कळायला ही पद्धत चांगलीच. पण त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा हिशेब मांडला की गडबड होते. आंध्र प्रदेशातल्या गुंटूर जिल्ह्यात थेट लोकांमध्ये जाऊन रक्त तपासलं, तेव्हा जुन्या पद्धतीचा अंदाज दुपटीहून जास्त असल्याचं दिसलं. एक मोठं कारण असं, की एचआयव्हीचा संशय आला की खासगी डॉक्टर रुग्णाला, गरोदर बायकांनाही, नाकारून सरळ सरकारी रुग्णालयात धाडत. मला याचीच जास्त चीड येते. नाकारलेल्या त्या बायकांमुळेच तो आकडा फुगला होता!

पुढे तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२००५-०६) एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं गेलं. प्रमाण निघालं ०.२८ टक्के. त्याचाही आधार घेऊन आकडा २५ लाखांवर आला.

आणि एक. एप्रिल २००४ पासून एआरटीची (एचआयव्हीला शरीरात रोखून धरणारी) औषधं सरकारतर्फे मोफत मिळू लागली, माणसं जगू लागली. त्यामुळे एकूण बाधितांचा आकडा लवकर खाली येणारच नाही. विचारायचं असेल तर यंदा नव्याने लागण किती जणांना झाली, ते विचारा.