किल्ला स्पर्धा: एन्ट्री नं. ७ आणि कोरी चित्रं (किल्ल्यावर मांडायचे न रंगवलेले मावळे)

ओमची आई (ए-२०३): नमस्कार 🙏 कोणावर आरोप नाही, पण एन्ट्री नं. ७ चे फोटो झूम करून बघा. १० पैकी ३ मावळे चकचकीत, बाकीचे ७ मॅट. एकाच हाताने, एकाच डबीतून रंगवल्यावर असं होतं का?

बी-४०१: झालं, दिवाळी सुरू झाली.

बी-३०२ काका: नियम ४: "सोसायटीने दिलेली १० कोरी चित्रंच रंगवायची. तळ रंगवायचा नाही. तळावरचा नंबर दिसेल असा फोटो रंगवण्याआधी आणि नंतर टाकायचा."

विहानचे बाबा (सी-१०४): ७ नंबर आमचा आहे, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. दोन भालदार आणि तुतारीवाला वाटपातच हात तुटलेले आले. बदली चित्रं कुंभारवाड्यातून आणली, कोरीच. मॅट वॉर्निश संपलं म्हणून त्या तिघांना ग्लॉस मारलं. बास.

ओमची आई (ए-२०३): मग "आधी"चा फोटो सातचाच का?

सी-१०४ समोरचे: बरं, या गर्दीत विचारतो, ११२१ नंबरची पांढरी गाडी कोणाची आहे? गेटसमोर आहे.

रांगोळीवाल्या काकू (ए-५०२): चकाकीवरून काही ठरत नाही हो. फेटा आणि मिशी बघा. बाजारातल्या रंगीत चित्रांना ऑइल पेंटचा जाड हात असतो, फेट्याच्या घड्या बुजतात, तळाच्या कडेला ओघळ सुकलेला सापडतो. जुन्यावर परत रंगवलं तरी तेच, मिशी नाकात मिसळते. घरी नीट केलेलं लगेच कळतं: आधी १ भाग फेव्हिकॉल ३ भाग पाण्यात, त्याचा पातळ हात. प्लास्टर रंग पीत नाही मग. त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ थर. मग तपकिरी रंग अगदी पाणीदार करून घड्यांत सोडायचा आणि उंचवट्यांवरचा लगेच सुती कापडाने टिपायचा. डोळे सगळ्यात शेवटी.

बी-४०१: काकू, हे आधी सांगितलं असतं तर आमचे मावळे कांजिण्या आल्यासारखे दिसले नसते 😄

रांगोळीवाल्या काकू (ए-५०२): चित्र पूर्ण वाळलं नव्हतं तुमचं. आत ओल राहिली की रंगाला फोड येतात. दोन दिवस उन्हात ठेवायला हवं होतं.

बी-३०२ काका: नियम ४ परत टाकतो. तळ. नंबर. फोटो. आधी आणि नंतर.

सी-३०३: तुटलेला हात जोडता येतो. फेव्हिक्विकचा थेंब, वर चिमूटभर खाण्याचा सोडा, क्षणात दगड होतं. मग पॉलिश पेपर. बदली आणायची गरजच नव्हती.

विहानचे बाबा (सी-१०४): सल्ला वाटपाच्या दिवशी दिला असतात तर आभारी झालो असतो.

तन्वीची मम्मी (बी-१०१): माझा मुद्दा वेगळा. १२ वर्षांखालच्या गटात ट्रिपल झीरो, म्हणजे अगदी बारीक ब्रशने काढलेल्या पापण्या दिसतायत. पापण्या! नियमात पालकांनी किती हात लावायचा हे कुठेच नाही. प्रत्येक मुलाला क्लबहाऊसमध्ये अर्धा तास बसवा, एक कोरं चित्र समोर रंगवून घ्या. हात कोणाचा ते कळेल.

ए-६०१: परीक्षा आहे की दिवाळी?

बी-४०१: एन्ट्री ११ ने सिंधुदुर्गावर "कलाल बांगडी" अशी पाटी लावलीय. ती तोफ जंजिऱ्यावर आहे, आणि जंजिरा सिद्दीचा.

सी-३०३: मावळ्यांनी रात्रीत पळवून आणली असेल 😂

एन्ट्री ५ (बी-२०४): आणि आमच्या जिंजीला "महाराष्ट्राबाहेरचा" म्हणून गुण कापणार असं ऐकलं. विषय होता २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले १२ किल्ले. ११ महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजीच. राजाराम महाराज तिथे राहिले होते. परीक्षकांना कळवा.

एन्ट्री ३ (ए-१०२): आमचं काय? परीक्षक आले ते अळिवाला पाणी घातल्यावर. पोस्टर कलर उतरला, शाडूचे घोडे गुडघ्यात बसले. "सफाई"चे १० पैकी ३.

रांगोळीवाल्या काकू (ए-५०२): हे मात्र चूक झालं. कच्ची शाडू आणि पोस्टर कलर, दोन्ही पाण्यात विरघळणारच. चित्रं टेबलावर तपासा, मग किल्ल्यावर मांडा. किल्ल्याचे गुण वेगळे, चित्रांचे वेगळे.

बी-३०२ काका: आणि तळ तेव्हाच बघा. नियम ४.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, पार्किंगचं पार्किंगच्या ग्रुपवर. निर्णय: रविवारी सकाळी १० ला क्लबहाऊसमध्ये सगळी चित्रं टेबलावर, आडवी, तळ समोर. फ्लॅट नंबर झाकून फक्त एन्ट्री नंबर. ज्यांचा "आधी"चा फोटो नाही ती चित्रं मोजणार नाही. म्हणजे नं. ७ चे ७ चित्रांचे गुण. एन्ट्री ३ ची चित्रं पाणी पडण्याआधीच्या फोटोंवरून तपासू. जिंजी चालेल. पालकांच्या मदतीचं पुढच्या वर्षी नियमात घालू.

तन्वीची मम्मी (बी-१०१): पुढच्या वर्षी. बरं.

विहानचे बाबा (सी-१०४): मान्य. रविवारी नं. ११ चे तळही सगळ्यांदेखत उलटे करा. त्यातल्या दोघांवर नंबरच नाहीये.