मॉइरा स्टुअर्टचं चुकलं काय? बातम्या 'नुसत्या वाचणं' की सत्तावन्न वर्षांचं असणं?

सई_लंडन
परवा कुणीतरी लिहिलं होतं, "टीव्हीवर बातम्या वाचायला काय लागतं? समोर अक्षरं सरकतात, ती वाचायची." ते मनाला फार लागलं, म्हणून हा धागा काढतेय.

मी १९९३ साली लग्न होऊन लंडनला आले. इंग्रजी पुस्तकातलं होतं, बसच्या कंडक्टरचं एक वाक्य धड कळत नसे. पण बीबीसीवर मॉइरा स्टुअर्ट बातम्या वाचायला बसली की शब्दन् शब्द कळायचा. भाजी निवडता निवडता मी तिच्यामागोमाग वाक्यं म्हणायचे. वाक्य कुठे संपलं ते कानाला समजायचं. मृत्यूची बातमी आणि त्यानंतरची क्रिकेटची बातमी यांच्यामध्ये ती एका श्वासाची जागा ठेवायची. तेवढ्या जागेत माणूस सावरतो.

तिचा जन्म १९४९चा, लंडनचा. घराणं कॅरिबियन बेटांकडचं. आजी क्लारा ख्रिश्चन पहिल्या महायुद्धाच्या काळात एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला गेली होती, इतकं शिकलेलं घर. मॉइरा सत्तरच्या दशकात बीबीसी रेडिओत निर्मिती सहायक म्हणून लागली, मग रेडिओ फोरवर बातम्या वाचू लागली आणि १९८१मध्ये टीव्हीवर आली. राष्ट्रीय टीव्हीवर बातम्या वाचणारी ती पहिली आफ्रो-कॅरिबियन स्त्री.

२००७च्या एप्रिलमध्ये रविवार सकाळच्या कार्यक्रमातल्या तिच्या बातम्या काढून घेतल्या आणि ऑक्टोबरमध्ये ती बीबीसीतून बाहेर पडली. बातम्या काढून घेतल्या तेव्हा ती ५७ वर्षांची होती. नोकरीत वयावरून भेदभाव करण्याला बंदी घालणारे नियम ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००६मध्ये लागू झाले होते, म्हणजे त्या एप्रिलच्या जेमतेम सहा महिने आधी. माझं मत स्पष्ट आहे: तिच्यावर अन्याय झाला. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी
सईताई, तुमच्या भावना समजल्या, पण मी असहमत. मी मुंबईत एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर बारा वर्षं काढली आहेत.

बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक मार्क थॉम्पसन यांनी खासदारांच्या समितीपुढे कारण दिलं होतं: नुसत्या बातम्या वाचणारा निवेदक ही भूमिकाच बीबीसीत जवळपास संपली, आता ते काम पत्रकार करतात. ही काही २००७मध्ये शोधून काढलेली सबब नाही. बीबीसीच्या स्पर्धक वाहिनीला बातम्या पुरवणारं आयटीएन १९५५मध्ये सुरू झालं तेच या कल्पनेवर. रॉबिन डेसारखे लोक बातमी सांगायचे आणि प्रश्नही विचारायचे. बीबीसीनेही १९८१मध्ये रात्री नऊच्या बातम्यांसाठी जॉन सिम्पसन आणि जॉन हम्फ्रीज हे दोन बातमीदार आणले. मॉइरा टीव्हीवर आली त्याच वर्षी वारं फिरलं होतं.

एका रात्री आमच्याकडे पूल कोसळल्याची बातमी आली. टेलिप्रॉम्प्टर कोरा, निवेदिकेच्या कानात प्रोड्यूसर ओरडतोय, फोनवर घटनास्थळावरचा माणूस. त्या मुलीचा आवाज सुंदर होता, पण त्याला काय विचारायचं हेच तिला सुचेना. बिचारी तेच वाक्य चार वेळा म्हणाली. त्या रात्रीपासून मला खुर्चीत पत्रकारच हवा असतो.

अबोली
रात्रपाळी, त्या मुलीची तयारी करून घेतली नव्हती, यात मॉइराचा काय संबंध? ती २६ वर्षं टीव्हीवर होती. एवढ्या वर्षांत ऐनवेळी बातमी बदललीच नसेल?

आणि 'भूमिका संपली' हे बायकांच्या बाबतीतच बरं आठवतं. १९६०मध्ये नॅन विंटनला बीबीसीने टीव्हीवर बातम्या वाचायला बसवलं आणि प्रेक्षकांना रुचत नाही म्हणून उठवलं. नियमित बातम्या वाचणारी स्त्री म्हणून अँजेला रिपन आली ती थेट १९७५मध्ये. मग बाई म्हातारी व्हायला लागली की दुसरं कारण तयार. २०११मध्ये मिरियम ओ'राइलीने 'कंट्रीफाइल' या कार्यक्रमातून काढल्याबद्दल बीबीसीविरुद्धचा खटला जिंकलाच की.

रात्रपाळी
जिंकला, पण वयाच्या मुद्द्यावर. स्त्री म्हणून भेदभाव झाला हे लवादाने मान्य केलं नाही. आणि तो निकाल ओ'राइलींचा आहे, तो मॉइराच्या प्रकरणाला चिकटवू नका.

टिळकरोड
मी आकाशवाणीवर अनेक वर्षं हंगामी वृत्तनिवेदक होते. अन्याय झाला की नाही हे तिकडचे लोक जाणोत. मला 'नुसतं वाचणं' या दोन शब्दांबद्दल लिहायचं आहे.

कागद उचलायचा नाही, सरकवायचा, नाहीतर माइकवर खरखर जाते. हातात आलेलं वाक्य बहुधा पाच ओळींचं असतं, क्रियापद शेवटच्या ओळीत. कर्ता ऐकणाऱ्याच्या लक्षात राहील असा आवाज ठेवून तिथवर पोचायचं असतं. गावाचं नाव चुकलं तर त्या गावाला वाईट वाटतं, म्हणून आधी फोन करून विचारायचं. बीबीसीत उच्चार सांगायला वेगळा विभाग आहे तो काय उगाच?

एकदा बस दरीत कोसळून गेलेल्यांची यादी वाचायची होती. सतरा नावं. वेळ कमी होता, कुणीतरी म्हणालं भराभर घ्या. मी प्रत्येक नाव आडनावासकट, सुटं सुटं वाचलं. कुणाच्या तरी घरी ते पहिल्यांदा ऐकलं जाणार होतं. दोन खेळाच्या बातम्या राहिल्या, त्याबद्दल बोलणी खाल्ली. आज पुन्हा तसंच वाचीन.

रात्रपाळी
टिळकरोड काकू, हे वाचून थांबलो दोन मिनिटं. आमच्याकडे आता अशी यादी वाचतच नाहीत, पडद्यावर आकडा येतो फक्त. कौशल्य आहे हे कबूल. 'नुसतं' हा शब्द मी मागे घेतो.

पण एक सांगा: कौशल्य आहे म्हणून ते पद कायम ठेवायचं का? बीबीसी लोकांनी टीव्हीसाठी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते. एक जण लिहिणार आणि दुसरी वाचणार, एवढा खर्च का?

सई_लंडन
खर्चाचंच असेल तर पुढची गोष्ट ऐका. २०१०मध्ये बीबीसीनेच तिला परत बोलावलं, रेडिओ टूवर ख्रिस इव्हान्सच्या सकाळच्या कार्यक्रमात. बातम्या वाचायला! देशात सर्वात जास्त ऐकला जाणारा सकाळचा कार्यक्रम, नव्वद लाखांच्या आसपास श्रोते. संपलेली भूमिका तीन वर्षांत कशी जिवंत झाली? मला तर एकच फरक दिसतो, रेडिओवर चेहरा दिसत नाही.

अबोली
अगदी हेच म्हणायचं होतं.

टिळकरोड
इथे मात्र मी सईशी सहमत नाही. रेडिओ म्हणजे मागच्या दाराने आत घेणं, असं का समजायचं? ती मूळची रेडिओचीच. आवाजाच्या माणसाला माइकसमोर जे मोकळं वाटतं ते कॅमेऱ्यासमोर वाटत नाही. तिच्या परत येण्याला दयेचा रंग देऊ नका.

सई_लंडन
काकू, दया नाही हो. माझ्यासाठी तर तो सण होता. मुलाचा डबा भरताना तो आवाज पुन्हा स्वयंपाकघरात आला तेव्हा मी गॅस बंद करून उभी राहिले. तुमचं म्हणणं पटतं, पण टीव्हीची बाजू त्याने धुऊन निघत नाही.

रात्रपाळी
वयाचा मुद्दा मी सोडून देतो, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण संध्याकाळच्या मुख्य बातम्यांना पत्रकारच हवा, यावर ठाम आहे.

सई_लंडन
ठेवा पत्रकार. मग पन्नाशीपुढच्या पत्रकार बायका कुठे होत्या? २०१३मध्ये मजूर पक्षाच्या खासदार हॅरिएट हार्मन यांनी वाहिन्यांकडून आकडे मागवले, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या निवेदकांत ८२ टक्के पुरुष निघाले.

मॉइरा २०१९मध्ये बीबीसी सोडून क्लासिक एफएम या शास्त्रीय संगीताच्या खासगी रेडिओवर गेली, ६९व्या वर्षी. मुलगा आता नोकरीला लागलाय, डबा भरायचा नसतो, तरी सकाळी रेडिओ लावते. बातमी संपते, ती तो एक श्वास घेते, मग संगीत सुरू होतं.