एसडीएस कॅल्शियमच्या बाजूला नको

कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेटची द्रावणं मिसळून कॅल्शियम कार्बोनेटचे पोकळ सूक्ष्म गोळे बनवायच्या एका कृतीत म्हटलंय की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा, लांब साखळीचा पॉलिमर) आणि एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखं काम करणारा पदार्थ) आधी मिसळून घ्या, आणि गोळे पोकळ निघाले नाहीत तर एसडीएस वाढवा. पीव्हीपीबद्दल सहमत, एसडीएसबद्दल अजिबात नाही. साध्या तापमानाला कॅल्शियम आणि एसडीएस भेटले की कॅल्शियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेटसारखाच दिसतो, म्हणून फसगत होते. एसडीएस वाढवलं तर साकाच वाढणार.

पीव्हीपी आणि एसडीएस दोन्ही सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात घ्या: ५० मिली पाण्यात ०.५३ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, ०.०५ ग्रॅम पीव्हीपी, ०.०७ ग्रॅम एसडीएस. पीव्हीपी असताना एसडीएसचे रेणू एरवीपेक्षा कमी प्रमाणातच पीव्हीपीच्या साखळीवर गुच्छ धरतात, आणि साच्याचं काम हे गुच्छच करतात. मग ०.७३५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५० मिली पाण्यात विरघळवून ढवळत थेंबाथेंबाने सोडा. गाळ कोमट, निम्म्या इथेनॉलच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. ओला ठेवला तर व्हॅटेराइटचं (कॅल्शियम कार्बोनेटचा गोळे धरणारा, कमी टिकाऊ प्रकार) कॅल्साइट (त्याचाच जास्त टिकाऊ प्रकार) होतं, गोळे मोडून चौकोनी स्फटिक दिसतात.

नाशिकच्या थंडीत आणखी एक अडचण. पहाटे पारा १० अंशांखाली गेला की साठवलेल्या द्रावणातलं एसडीएस तळाशी स्फटिक होऊन बसतं, वरचं द्रावण पातळ राहतं. बाटली २५ अंशांपर्यंत कोमट करून, हलवून मगच मोजा. बोअरचं पाणी तर नकोच, त्यातलं मॅग्नेशियम स्फटिकाचा प्रकारच बदलतं.

आणि नुसत्या गोल आकारावरून पोकळ म्हणू नका, सच्छिद्र भरीव गोळेही तसेच दिसतात. खलात हलकेच चिरडून फुटलेली कवचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.