मॅच, मित्रमंडळी आणि पोरंटोरं : तुमचे अनुभव लिहा

चिराबाजारची लेक
माळा आवरताना लेकीचा छोटा निळा टी-शर्ट हाती लागला, पाठीवर १०. काम तिथेच राहिलं. २ एप्रिल २०११, श्रीलंकेविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल! तेव्हा आम्ही चिराबाजारात राहायचो, वानखेडे हाकेच्या अंतरावर. नवऱ्याचे कॉलेजचे मित्र, त्यांच्या बायका आणि पायात पायात येणारी बारकी पोरं, सगळे आमच्या दोन खोल्यांत. टीव्हीवर चित्र काही सेकंद उशिरा येतं हे पोरांनीच शोधून काढलं. मग सगळी गॅलरीत. स्टेडियमचा गलका ऐकू आला की आत बघून ओरडायची, "फोर!" आणि आम्हाला तो नंतर दिसायचा. सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेलेला. सचिन १८ वर. लेक आत आली नि हळूच म्हणाली, "आई, आवाजच बंद झाला." टीव्हीवर मलिंगा अजून रनअपवर होता. कोणी काही बोललं नाही. बॉल पडला, कड लागली, संगकाराने कॅच घेतला.
धोनीचा सिक्सर सगळ्यांना पाठ आहे. मला तिचं ते वाक्य जास्त आठवतं. तुमच्याकडे काय झालं? लिहा.

दादरचा बाबा
तीच मॅच. गंभीर ९७ वर आणि आमच्या चिरंजीवांना शू लागली. धोनी-गंभीर जमल्यापासून जागा सोडायची नाही असा कडक नियम होता, त्यामुळे नऊ जणांनी एकसुरात "थांब रे राजा!" पण चार वर्षांचं पोर किती थांबणार? उचलून नेलं. बाथरूमच्या दारात पोहोचतो तोच बाहेरून "अरे देवा". परेराने दांडी उडवली. आता तो कॉलेजात जातो, तरी मित्रमंडळी भेटली की पहिला प्रश्न, "जाऊन आलास ना?"

पोळ्या लाटता लाटता
😂😂 दादरचा बाबा, पोराला माझ्याकडून एक चॉकलेट द्या. नंतर येऊन लिहिते, कुकर लावायचाय.

नेरुळची मावशी
२०२५ ची २ नोव्हेंबर, महिला वर्ल्ड कपची फायनल, कशी विसरताय सगळे? मॅच डी. वाय. पाटील स्टेडियमला, म्हणजे आमच्या दारातच, आणि तिकीट नाही. पावसाने दोन तास खाल्ले. पोरं "कधी सुरू होणार" करून कंटाळली, तोवर कांदाभजी संपली. पण नंतर जी जागली! शफालीच्या ८७ ला नाचली. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टचं शतक झालेलं, तिचा तो उंच उडालेला कॅच अमनजोतच्या हातातून सुटला, परत सुटला, तिसऱ्यांदा धरला. घरात किंकाळी. दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये मोज्यांच्या बोळ्याची मॅच चालू आहे आणि तीनदा हात लागल्याशिवाय कॅच धरायचाच नाही असा भाचीचा नियम आहे. एकदम धरला तर नॉट आउट. मला हे फार फार आवडतं. आमच्या लहानपणी मुलींना बॉल आणून द्यायला उभं करायचे.

चिराबाजारची लेक
मावशी, शेवटचं वाक्य वाचून घशात आवंढा आला.

आजोबा विलेपार्ले
१९८३ ची वर्ल्ड कप फायनल, वेस्ट इंडिजविरुद्ध. वाडीत आमच्याकडेच टीव्ही, कृष्णधवल. दारापर्यंत मुले मांडी घालून बसलेली. आपण १८३ ला सगळे बाद झाल्यावर निम्मी मोठी माणसे झोपायला गेली. मुले हलली नाहीत. कपिलने मागे धावत रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा याच मुलांनी दारे वाजवून सगळ्यांना उठवले. फोनवर एवढेच टंकता येते.

ठाणे पश्चिम
माझी आठवण हरलेल्या मॅचची आहे, चालेल ना? १९ नोव्हेंबर २०२३, ऑस्ट्रेलियाविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा, पोरांच्या गालावर तिरंगा. रोहित ४७ वर, हेडने मागे पळत कॅच घेतला तेव्हाच हॉल थंडावला. नंतर हेडने १३७ ठोकले. माझा पाच वर्षांचा मुलगा रडायला लागला. मॅचसाठी नाही, एवढी मोठी माणसं गप्प बसलेली बघून घाबरला होता. शेजारच्या काकांनी एक शब्द न बोलता त्याला खाली नेलं आणि पार्किंगच्या दिव्याखाली अंडरआर्म बॉलिंग टाकत बसले. काका स्वतः सकाळपासून उपाशी होते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पोळ्या लाटता लाटता
आले. काकांना नमस्कार सांगा. आणि पोरांच्या बेताची पावभाजी कमी तिखट कशी करता? माझी पोरं दर मॅचला नुसता पाव खातात.

नेरुळची मावशी
मिरची पावडर काश्मिरी घे, भाजीत बीट किसून घाल. रंग येतो, तिखट नाही लागत. मोठ्यांसाठी वरून लसणाची चटणी.

बोरिवलीची नवी आई
२०२४ ची टी२० वर्ल्ड कप फायनल, बाळ दोन महिन्यांचं. ३० बॉलमध्ये ३० हवे होते दक्षिण आफ्रिकेला, आणि आम्ही तोंडावर उश्या दाबून बसलेलो. सूर्याने सीमारेषेवर मिलरचा कॅच घेतला तेव्हा माझी मैत्रीण आवाज न करता उड्या मारत होती. आम्ही बाळाला उठवलं नाही हो, खालच्या फटाक्यांनी उठवलं. बरं, एक विचारायचंय. आमच्याकडे मॅच मोबाइलवरून टीव्हीवर लावतो, शेजारचे कायम आधी ओरडतात. काही उपाय?

दादरचा बाबा
मोबाइलवरचं प्रक्षेपण बहुतेक वेळा केबलच्या मागेच असतं. सेट टॉप बॉक्स लावा. आणि ग्रुपचे मेसेज बंद ठेवा, तिथेही आधीच फुटतं.