शब्दचर्चा : अर्धवाहक, एरोसोल, पौगंडावस्था

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, विज्ञान दिनासाठी शाळेत मुलांकडून तीन मोठे तक्ते करून घेतोय. एक अर्धवाहकांच्या (सेमीकंडक्टरच्या) नॅनोकणांवर, दुसरा हवेच्या रसायनावर, तिसरा किशोरवयीन आरोग्यावर. माहिती जमलीय, घोडं अडलंय ते शब्दांपाशी. जी काही मराठी हाताशी आहे ती एक तर नुसती देवनागरीतली इंग्रजी, नाहीतर अशी की वाचणाऱ्यानं तक्त्याला हात जोडून पुढं जावं.

दहावीतल्या एकानं विचारलं, "सर, अर्धवाहक म्हणजे एस.टी.तला हाफ तिकिटाचा कंडक्टर का?" वर्ग खिदळला, पण प्रश्न रास्त आहे. 'अर्ध' नक्की कशाचं?

एरोसोलला (हवा आणि तिच्यात तरंगणारे बारीक कण, थेंब) तर मला मराठी शब्दच सुचत नाही. आणि तिसऱ्या तक्त्यावर 'पौगंडावस्था' लिहावं की 'किशोरवय'? मुख्याध्यापक पहिल्याच्या बाजूचे, मुली दुसऱ्याच्या.

मिरज जंक्शन

सर, 'अर्ध'ला निम्मं म्हणू नका म्हणजे झालं. तांबं आणि काच यांच्या वाहकतेत वीसेक शून्यांचा फरक आहे, सिलिकॉन त्यांच्या मधे कुठंतरी. निम्म्याचा काही संबंध नाही. मुलांना खूण सांगायची तर ही सांगा: तांब्याची तार तापली की विजेला विरोध वाढतो, शुद्ध सिलिकॉन तापलं की विरोध कमी होतो. उजेड पडला तरी तेच. थोडक्यात, हा अटीवर वाहणारा पदार्थ. पण शब्द रुळलाय, राहू दे. तक्त्याचा जीव नॅनोकणांत आहे, तिकडं वळा.

कॅडमियम सेलेनाइड हा एकच पदार्थ घ्या. त्याचा कण साधारण २ नॅनोमीटरचा असेल तर अतिनील दिव्याखाली निळसर उजळतो, ६ च्या आसपास गेला की लाल. रसायन तेच, रंग ठरतो आकारावरून. कण जितका लहान तितकं त्यातल्या इलेक्ट्रॉनला उडी मारायला लागणारं ऊर्जेचं अंतर जास्त, आणि जास्त ऊर्जेचा उजेड म्हणजे निळा. यांना क्वांटम डॉट म्हणतात. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच मिळालं, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह या तिघांना. एकिमोव्हना हा परिणाम रंगीत काचेत दिसला, ब्रुसना द्रवात तरंगणाऱ्या कणांत, आणि बावेंडींनी १९९३ मध्ये हवे त्या मापाचे, एकसारखे कण बनवायची रीत बसवली.

मराठीत 'पुंजबिंदू' वाचलाय. मला पटत नाही. पुंज म्हणजे ढीग, तारकापुंजातला. इथं तर क्वांटमची, म्हणजे सगळ्यात लहान वाट्याची गोष्ट चाललीय. क्वांटम डॉटच ठेवा.

बेदाणा (तासगाव)

'अब्जांश तंत्रज्ञान' असा शब्द एका कृषी प्रदर्शनात बोर्डावर वाचला होता. बोर्डाखाली उभे असलेले सगळे 'नॅनो'च म्हणत होते. २०२१ पासून नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली दुकानात आलीय, त्यामुळं नॅनो आता आमच्या वाडीवस्तीवरचा शब्द झालाय. त्याला परत अब्जांश कशाला करताय?

मेणवली (वाई)

बेदाणा, बोलताना नॅनोच म्हणा, पण तक्त्यावर एकदा कंसात 'अब्जांश' लिहायला हरकत नाही. अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. शब्दातच माप आलं. ग्रीक 'नॅनोस'चा अर्थ नुसता 'बुटका', त्यातून पोराला काही मोजता येत नाही.

आता एरोसोल. आमच्या वाईत बसून विश्वकोश झाला. त्याचा पहिला खंड १९७६ चा, पण परिभाषासंग्रहाचा खंड त्याच्या आधी, १९७३ मध्येच निघाला. योग्यच होतं ते. शब्द ठरल्याशिवाय लेख लिहायचे कशाने? त्या पिढीनं रुळवलेल्या परिभाषेत कोलॉइडला (तळाशी न बसणाऱ्या बारीक कणांच्या मिश्रणाला) 'कलिल' आहे. आठवीच्या विज्ञानात द्रावण, निलंबन, कलिल ही त्रयी येतेच. दूध हे कलिल. मग हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांना, थेंबांना 'वायुकलिल' म्हणा की सरळ.

'कलिल' काही कोणी खुर्चीत बसून घडवलेला शब्द नाही. गीतेत दुसऱ्या अध्यायात बावन्नाव्या श्लोकात आहे: 'यदा ते मोहकलिलं बुद्धिर्व्यतितरिष्यति'. कलिल म्हणजे दाट, कालवलेलं, ज्यातून पलीकडचं दिसत नाही आणि पार जाणं कठीण. जानेवारीत सकाळी पसरणी घाटातून खाली बघा, वाईवर जो धुराधुक्याचा थर दिसतो त्याला दुसरा शब्द शोधून सापडणार नाही.

कराडकर

मेणवलीताई, वाचायला गोड आहे, पण 'वायुकलिल' म्हटल्यावर रस्त्यावरच्या माणसाला काय कळणार? पेपरवाले 'हवेतील सूक्ष्मकण' लिहितात, ते सगळ्यांना कळतं. स्मॉगला 'धुरके' आहेच. तेवढ्यावर भागवा.

बेदाणा (तासगाव)

आमच्याकडं याला दोन शब्द आहेत आणि दोन्ही कामाचे. बागेवर गंधक मारलं की ती धुरळणी, औषध पाण्यातून मारलं की ती फवारणी. एकात कोरडी पूड, दुसऱ्यात थेंब. एरोसोल यातलं नक्की कुठलं ते सांगा, मग नाव देऊ. आणि पहाटे द्राक्षावर जी बसते ती धुई, तिचं काय? धुई धरली की डावण्या रोग आलाच म्हणून समजा.

मिरज जंक्शन

बेदाणा, प्रश्न एकदम मुद्द्याचा. एरोसोलमध्ये दोन्ही येतं, पूडही आणि थेंबही. म्हणून 'तुषार' चालत नाही आणि 'धूळ'ही चालत नाही. कराडकर, 'सूक्ष्मकण'मध्ये अडचण अशी की ते फक्त कणांचं नाव झालं; एरोसोल म्हणजे कण आणि त्यांना धरून ठेवणारी हवा, दोन्ही मिळून. पीएम २.५ ला, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना, सूक्ष्मकण म्हणा, बिनधास्त.

खरी गोम 'धरून ठेवण्यात' आहे. बेदाणा, तुमच्या फवारणीच्या ब्लोअरचंच बघा. १०० मायक्रोमीटरचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा) थेंब शांत हवेत सेकंदाला पाव मीटर खाली येतो, म्हणजे पानावर बसतो. १० मायक्रोमीटरचा सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर, तो शेजाऱ्याच्या बागेत. आणि १ मायक्रोमीटरचा कण तासाभरात वीतभर सुद्धा उतरत नाही. वाऱ्याची एवढीशी झुळूक त्याला वर उचलते. पाऊस पडेपर्यंत असले कण आठवडाभर हवेत राहू शकतात. धुरळणी, फवारणी दोन्ही खाली बसण्यासाठी करतात. एरोसोल हे न बसणाऱ्याचं नाव. दुधातले कण तळाशी बसत नाहीत तसंच, म्हणून मला 'कलिल' पटतं.

आणि सर, तुमचे पहिले दोन तक्ते इथंच जोडले जातात. ब्रुस यांचे कण द्रवात तरंगत होते, म्हणजे तेही कलिलच. एकीकडं द्रवात नॅनोकण, दुसरीकडं हवेत. एका शब्दात दोन्ही तक्ते शेजारी उभे राहतात.

धुईही यातच आली, पाण्याच्या थेंबांचं वायुकलिल. तो थेंब जमायला आधी एखादा कण लागतो, मिठाचा, गंधकाच्या क्षाराचा, काजळीचा. अगदी स्वच्छ हवेत नुसत्या वाफेचा थेंब बनवायचा तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट न्यावी लागेल. हेच मोजायला महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंचीवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची मेघभौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तिथं ढग खिडकीशी येतो, त्यामुळं विमान न उडवता ढगातले कण मोजता येतात.

मेणवली (वाई)

कणालाच जुनं नाव हवं असेल तर तेही आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापं सांगताना सुरुवातच अशी केलीय की जाळीतून ऊन आत आल्यावर जो बारीक रजःकण दिसतो तो 'त्रसरेणू', ते पहिलं माप. आपल्या कौलारू घरात कवडसा पडला की त्यात नाचताना दिसतो तोच. मला तर पीएमपेक्षा त्रसरेणू केव्हाही आवडेल.

मिरज जंक्शन

कवडशाचा प्रयोग तक्त्याशेजारी जरूर ठेवा. अंधारी खोली, एक फट, झालं. पण काकू, त्रसरेणू पीएम २.५ ला देऊ नका. कवडशात एकेकटा नाचताना दिसतो तो बहुधा मोठा कण, नाकातच अडकणारा. छातीत खोल उतरणारे एकेकटे दिसत नाहीत, त्यांची नुसती धूसर झाक येते. त्रसरेणू शब्द वापरला तर मुलं समजतील की दिसतो तोच घातक.

कराडकर

मग धूर म्हणजेच वायुकलिल, असं धरायचं का? पाचट पेटवलं की गावभर जे होतं ते?

मिरज जंक्शन

पाचटाचा धूर हा त्यातला एक प्रकार, सरळ आगीतून निघालेला. पण बरेच कण कुठल्याच धुराड्यातून निघत नाहीत, ते हवेतच घडतात. शेणखत आणि युरियातून अमोनिया वायू उठतो, वाहनांच्या आणि भट्ट्यांच्या वायूंपासून हवेत आम्लं बनतात, आणि दोघं भेटले की अमोनियमचे क्षार, घन कण. सुरुवात वायूने, शेवट कणाने. 'धूर' म्हटलं की हे सगळं नजरेआड जातं. हवेचं रसायन म्हणजे मुख्यतः हेच, सर. ओझोनही तसाच, जमिनीलगतचा ओझोन कोणी सोडत नाही, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि सेंद्रिय वाफा यांच्यावर ऊन पडून तो तयार होतो. वर उंचावर, स्थितांबरातला तो राखणदार, खाली आपल्या तपांबरातला छातीला जाच.

उपकेंद्र (खटाव तालुका)

तिसऱ्या तक्त्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते. मी आरोग्यसेविका आहे. 'पौगंडावस्था' हा शब्द आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात असतो, पण कुठल्या मुलीच्या किंवा आईच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही. २०१४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेचं नावच राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. वय १० ते १९, जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच. आठवड्याची लोहाची गोळी असते, तिला मुली 'निळी गोळी' म्हणतात, कारण ती निळीच असते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल. 'रक्तक्षय' म्हटलं की आया घाबरतात, क्षय म्हणजे टीबी वाटतो त्यांना. 'अंगात रक्त कमी' म्हटलं की लगेच कळतं. सर, तेवढं तक्त्यावर लक्षात ठेवा.

मेणवली (वाई)

ताई, तुमच्या बाजूनं एक जुना पुरावा देते. भागवतावरच्या टीकाग्रंथात वयाची विभागणी आहे: पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर, मग यौवन. म्हणजे पौगंड म्हणजे तिसरी-चौथीतलं पोर! दहाच्या पुढचं वय सांगायला 'किशोर'च नेमका. मराठीत पौगंड कसा वर सरकला कोण जाणे. भारदस्त वाटतो म्हणून असेल.

किशोरचीही गंमत आहे. अमरकोशात तो घोड्यांच्या शब्दांत येतो, किशोर म्हणजे शिंगरू.

बेदाणा (तासगाव)

शिंगरू एकदम बरोबर. माझं एक घरात आहे, दोरी लावून बघितली, ऐकत नाही.

उपकेंद्र (खटाव तालुका)

आणखी एक. म्हाताऱ्या बायकांकडं मुलींसाठी शब्द भरपूर: शहाणी झाली, न्हाण आलं, न्हातीधुती झाली. सगळे एका दिवसाचे, पाळी आली त्या दिवसाचे. मुलांचं मिसरूड फुटतं, आवाज फुटतो. पण दहा ते एकोणीस या सगळ्या वाढीला बोलीत शब्द नाही, आणि त्यामुळंच पाळी आली की मुलगी 'झाली मोठी' असं धरतात. हाडं, उंची, रक्त, सगळं अजून वाढत असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९.१ टक्के रक्त कमी असलेल्या निघाल्या, मुलांत ३१.१ टक्के. 'किशोरवय' म्हटलं की मुलगेही आत येतात. 'वयात येणं' लिहिलं तर तक्त्यापुढं फक्त मुली थांबतील आणि मुलगे पळतील, माझा अनुभव आहे.

मिरज जंक्शन

फुप्फुसंही त्यात घाला, ताई. कॅलिफोर्नियात १० ते १८ वयाच्या मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली, निष्कर्ष २००४ मध्ये आले. जास्त सूक्ष्मकण असलेल्या गावांत अठराव्या वर्षी फुप्फुसाची ताकद कमी भरलेल्यांचं प्रमाण स्वच्छ गावांच्या जवळपास पाच पट निघालं. पुढं तिथली हवा सुधारली तशी नंतरच्या मुलांची वाढही सुधारली.

कृष्णाकाठ (सांगली)

हे झकास झालं. तक्ते असे लावतो: 'अर्धवाहकांचे नॅनोकण', 'हवेतलं कलिल', 'किशोरवय'. दुसऱ्याखाली बारीक अक्षरात 'म्हणजे एरोसोल'. 'वायुकलिल' तोंडात बसत नाही मुलांच्या, 'हवेतलं कलिल' बसतं. मधोमध कवडशाचा खोका ठेवतो. मुख्याध्यापकांना पौगंडाचं वय दाखवलं, ते म्हणाले, "मग राहू दे."

एकच राहिलं. एका मुलीनं 'ही कलिल' लिहिलंय, दुसऱ्यानं 'हा कलिल'.

मेणवली (वाई)

मी तरी 'ते कलिल' म्हणते, अनेकवचन 'कलिले'. संस्कृतात मुळात विशेषण, त्यामुळं लिंग चिकटलेलं नव्हतंच. तिघी-चौघांनी मिळून तक्ता लिहिला असेल तर आधी 'ही' आणि 'हा' खोडून घ्या, सर.