बाळाचं ब्लँकेट: जाड लोकर, चटईची वीण ताठ होतेय आणि काठ फुगतोय

गोदाकाठ
निफाडला बारशाला द्यायचंय, तिथली डिसेंबरची थंडी माहीतच आहे, म्हणून जाड लोकर घेतली. लेबलवर ८ होतं, म्हणून मेन रोडवरून ८ नंबरच्या सुया आणल्या. ८० टाके, खाली सहा ओळी सगळ्या सुलट, मग पाच सुलट-पाच उलट अशी चटईची वीण. २० ओळी झाल्यात. कापड पुठ्ठ्यासारखं ताठ, रुंदी जेमतेम ५० सेंमी, आणि खालचा काठ झालरीसारखा बाहेर येतोय. धुतल्यावर मऊ पडेल की उसवू? माप ७५ बाय ९० सेंमी हवंय.

सुईवाली_सिडको
उसवा ताई. धुऊन इतकी घट्ट वीण सैल होत नाही.
लेबलवरचे ८ म्हणजे मिलिमीटर. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या नंबरांत ८ नंबरची सुई ४ मिमीची असते, म्हणजे तुम्ही निम्म्या जाडीच्या सुईवर विणताय. या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ मिमी म्हणजे ० नंबर, ९ मिमी म्हणजे ००, १० मिमी म्हणजे ०००. दुकानात मिलिमीटरच सांगा.
आणि सरळ सुया घेऊ नका. ३५ सेंमीच्या सुईवर पाऊण मीटर कापड कोंबलं की टोकाचे टाके गळतात, सगळं वजन मनगटावर येतं. ८० किंवा १०० सेंमी वायरची गोल सुई (दोन टोकं वायरने जोडलेली) घ्या. विणायचं मात्र सरळ सुईसारखंच, जाऊन-येऊन.

लोकरवेडी
आधी नमुना. २५ टाके घालून याच चटईच्या विणीत १८-२० ओळी विणा, धुऊन वाळवा, मग मधल्या १० सेंमीत टाके मोजा. एक ओळ सुलट-एक ओळ उलट अशा साध्या विणीचा नमुना इथे फसवतो, कारण चटईचे चौकडे (पाच-पाच टाक्यांचे चौकोन) आत ओढून घेतात.
८ मिमीवर साधारण ११ टाके आणि १५ ओळी येतात. तेवढेच आले तर एकूण ८५ टाके: दोन्ही कडांना ५-५ काठाचे, मध्ये ७५, म्हणजे १५ चौकडे. विषम ठेवले की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. रुंदी ७७ सेंमीच्या आसपास येते. चौकडा उंचीला सहा ओळी. पाच टाके साडेचार सेंमी आणि सहा ओळी चार सेंमी, त्यामुळे जवळपास चौरस. असे २१ थर, वर-खाली सहा-सहा ओळी काठ, एकूण १३८ ओळी.
काठाचे पाच टाके दोन्ही बाजूंनी कायम सुलट. मधले परतीच्या ओळीत जसे दिसतील तसे विणा. सहा ओळींचा थर झाला की पुढच्या ओळीत अदलाबदल: सुलट दिसेल तिथे उलट, उलट दिसेल तिथे सुलट.
सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे घ्यायचा, परत मागे न्यायचा. तो सुईवरून आला की एक जादा टाका तयार होतो, आणि जाड लोकरीत त्याचं भोक लगेच डोळ्यात भरतं. दर थराला टाके मोजा.
लोकर ४५० ते ५०० ग्रॅम लागेल (१०० ग्रॅमला साधारण १०० मीटर धरून). ६०० ग्रॅम एकदम घ्या, सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर (रंगाच्या खेपेचा) एकच बघून.

पंचवटीकर
काठाचं कुणी बोललंच नाही. सगळ्या सुलट ओळींची वीण पसरते, चौकड्यांची आकसते, म्हणून झालर. ८५ ऐवजी ७७ टाके घाला, काठाच्या सहाव्या ओळीत समान अंतराने ८ वाढवा. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन विणलात तर भोक पडत नाही. वरच्या काठाच्या पहिल्या ओळीत तसेच दोन-दोन एकत्र विणून ८ कमी करा. टाके बंद करताना ९ मिमीची सुई घ्या, नाहीतर वरची कड आखडते.

गोदाकाठ
हा गुंडा एकच आहे, लॉट जुळेल असं वाटत नाही. घरात डीके, म्हणजे मध्यम जाडीची ॲक्रिलिक भरपूर आहे. पदर एकत्र घेऊन चालेल?

लोकरवेडी
चालेल, उलट रंग मिसळता येतात. चार पदर घेतलेत तर ८ मिमीवर टाक्या-ओळींचं हेच गणित बसायला हवं. तीन पदरांना ६.५ किंवा ७ मिमी, टाके १२-१३ येतील, मग हिशोब नव्याने. सुई दर वेळी चारही पदरांखालून गेलीय ना बघा, एक सुटला की मागे फास लोंबतो. नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, गाठ न मारता १५ सेंमी टोक ठेवा आणि शेवटी सुईने आत फिरवा.

सुईवाली_सिडको
ॲक्रिलिकला इस्त्री किंवा वाफ अजिबात नको, वीण कायमची लुळी पडते. ओलं असताना सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगलंत तर लांबीला ओघळतं.
हल्ली दिसणारी मखमली लोकर या विणीला घेऊ नये, फास आपोआप वर येतात. जाड सुती सूत जड होतं आणि वाळायला वेळ लावतं.

पंचवटीकर
गोंडे, झालर, मणी काही लावू नका. जाळीची वीणही नको, बोटं अडकतात. चटईची वीण त्या बाबतीत उत्तम. भेट देताना आईला सांगून ठेवा: मांडीवर, बाबागाडीत, समोर कुणी असताना वापरायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाळण्यात सुटं पांघरूण ठेवायचं नसतं, तोंडावर आलं तर गुदमरण्याचा धोका असतो.