बाधित खोलीची एका रात्रीची तपासणी: आधी मोजमाप की आधी रिंगण? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काजवा

खोली १२ बाय १४ फूट, छत १० फुटांवर, वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली. दार एक, खिडकी एक. तक्रारी तीन आहेत. रात्री दोन ते चारच्या दरम्यान लावलेलं दार उघडं सापडतं. खिडकीच्या डावीकडच्या कोपऱ्यात गार झोत लागतो आणि तिथे कोणी उभं आहे असं वाटतं. आणि भिंतीतून टकटक येते.

तपासणीला माणसं दोन, रात्र एकच. सामान: इन्फ्रारेड थर्मामीटर, ईएमएफ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा), दोन ऑडिओ रेकॉर्डर, दोन कॅमेरे, दोरा, खडू. घरच्यांची इच्छा आहे की मिठाचं रिंगण, त्यात पंचकोनी तारा, पाच मेणबत्त्या, धूप, घंटा आणि पठण असा पूर्ण विधी व्हावा. तो मनापासून करायचा आहे, उरकायचा म्हणून नाही.

क्रम कसा लावावा? विधीमुळे कोणती नोंद बिघडते आणि यंत्रांमुळे विधीत कुठे अडथळा येतो?

ओळंबा

आधी मोजमाप, मग विधी, मग पुन्हा तेच मोजमाप त्याच जागी. विधीमुळे खोलीतली हवा, उष्णता, आवाज आणि माणसं चारही बदलतात. बदलण्याआधीची खोली कागदावर नसेल तर नंतरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

पण सगळ्याच्या आधी, दिवसाउजेडी, कार्बन मोनॉक्साइड तपासा: अर्धवट जळण्यातून होणारा, वास नसलेला विषारी वायू. तुमच्या यादीत त्याचा मीटर नाही, तो आणाच. विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १९२१ साली एका कुटुंबाची हकिगत छापली होती: रिकाम्या घरात पावलं वाजायची, अंथरुणाशी आकृत्या दिसायच्या, सगळ्यांना डोकेदुखी आणि मरगळ, कुंड्यांतली झाडंसुद्धा मरू लागली. शेवटी सापडली ती घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी. तिचा धूर चिमणीतून न जाता घरात पसरत होता. नुसता भोंगा असलेला अलार्म या कामाला पुरत नाही. युरोपीय मानकानुसार ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तो वाजायला ६० ते ९० मिनिटं घेतो आणि ३० पीपीएमला पहिले दोन तास त्याने वाजायचंच नसतं. आकडा दाखवणारा मीटर घ्या. बाहेरच्या हवेपेक्षा आतला आकडा सतत वर राहिला तर तपासणी तिथेच थांबवा, खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. कुठे काय जळतंय ते सापडेपर्यंत मेणबत्तीही लावू नका.

दार. बिजागऱ्यांच्या रेषेला ओळंबा लावा. मग दार १०, ४५ आणि ८० अंशांवर धरून हात अलगद काढा. तिन्ही जागांवरून एकाच बाजूला सरकलं तर बिजागऱ्या ओळंब्यात नाहीत. दुसऱ्या खोलीची खिडकी उघडी असतानाच हललं तर हवेचा दाब. लावलेलं दार सुटतं म्हणजे लॅचची जीभ नीट अडकत नाही. जिभेला रंगीत खडू घासा, दार लावा, उघडा आणि चौकटीवरच्या पट्टीवर डाग कुठे पडला ते बघा. डाग भोकाच्या अगदी काठाला असेल तर लाकूड थोडं फुगलं-आकसलं तरी जीभ सुटते. हा डाग काढायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक तपासण्यांत तो काढलेलाच नसतो.

दारावर दोऱ्याची मोहोर लावायची ती तीन उंचींवर: १५, ६० आणि १२० सेंटिमीटर. साधा शिलाईचा एकपदरी दोरा, टोकं मऊ मेणाने चिकटवलेली. जाड दोरा घेतला तर तो तुटत नाही, मेणासकट निघून येतो आणि मग आपोआप निसटला की ओढला गेला ते कळत नाही. फक्त खालचा तुटला तर उंदीर-मांजर धरा. भुताटकीच्या तक्रारी तपासणारे हॅरी प्राइस यांनी १९३७ साली इंग्लंडमधलं बोर्ली रेक्टरी हे झपाटलेलं म्हणून गाजलेलं पाद्र्याचं घर वर्षभर भाड्याने घेऊन निरीक्षक बसवले, तेव्हा वस्तूंभोवती खडूच्या खुणा हीच पद्धत होती. वस्तू हलली का, याचं उत्तर आठवणीवर सोडायचं नसतं.

प्राइस यांच्या सामानात कंप कळण्यासाठी पाऱ्याचं भांडंही असे. पारा विषारी आहे, तो नको. पसरट काळ्या ताटलीत बोटभर पाणी घ्या, जमिनीवर ठेवा आणि टॉर्चचा झोत पाण्यावर तिरका पाडा. परावर्तित उजेडाचा डाग समोरच्या भिंतीवर पडतो. एरवी तो स्थिर असतो. लांबून जड वाहन गेलं, खालच्या मजल्यावर पंप सुरू झाला, कोणी जिना चढलं की डागाची कड थरथरते, कानाला काही ऐकू येण्याआधी. एक कॅमेरा फक्त या डागावर लावून ठेवा. टकटक आणि थरथर एकाच क्षणी आली तर इमारतीच्या सांगाड्यातून काही येतंय.

गार कोपऱ्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर कामाचा नाही. तो समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, मधल्या हवेचं नाही. हवेसाठी तारेच्या टोकाला सेन्सर असलेले थर्मामीटर घ्या आणि १०, ११० व १७० सेंटिमीटरवर टांगा, भिंतीला न टेकवता. तसेच तीन खोलीच्या मध्यावर. इन्फ्रारेडने भिंती मात्र तपासा. कोपऱ्यातली भिंत दोन बाजूंनी बाहेरच्या हवेला लागून असते. ती गार पडते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली घसरते आणि पायाशी झोत लागतो.

ईएमएफ मीटर एकाच अक्षाचा असेल तर प्रत्येक जागी तीन दिशांना धरून तीन आकडे घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. मोबाइल बंद, खिशात नको. कुठे आकडा चढला तर मुख्य स्विच बंद करून पुन्हा घ्या. उतरला तर भिंतीतली वायर.

शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं: त्याच घरातली, कोणाची काही तक्रार नसलेली दुसरी खोली निवडा आणि तिथेही हेच सगळं मोजा. तुलनेची खोली नसेल तर कुठलाही आकडा विचित्र दिसू शकतो.

वेदिका

विधीच्या बाजूने लिहिते.

रिंगण नीट आखलेलं असावं. वाकडं रिंगण पाहून घरच्यांचा विश्वास बसत नाही आणि करणाऱ्याचंही मन त्यात लागत नाही. या खोलीत २.७ मीटर व्यासाचं बसेल. मध्यावर वजन ठेवून १.३५ मीटरच्या दोरीने खडूने वर्तुळ काढा. ताऱ्याची टोकं मिळवायला परिघावर १.५९ मीटरची सरळ दोरी पाच वेळा फिरवा. पाचव्यांदा दोरीचं टोक सुरुवातीच्या खुणेवर यायला हवं. दर खेपेला ५ मिलिमीटर चुकलं तर शेवटी अडीच सेंटिमीटरची फट राहते, म्हणून न ताणणारी दोरी घ्या. सुती दोरी ताणते. ताऱ्याची प्रत्येक रेघ २.५७ मीटर आली की आखणी बरोबर.

मीठ खडूच्या रेषेवर, दोन सेंटिमीटर रुंद आणि मध्ये अर्धा सेंटिमीटर उंच. एवढ्या परिघाला साधारण अर्धा किलो लागतं. बारीक मीठ घेऊ नका, चालताना उडतं आणि कॅमेऱ्याच्या प्रकाशात गोल ठिपके होऊन चमकतं. खडं मीठ घ्या. आता मुख्य गोष्ट: हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून ओलं होतं. रात्री गारवा वाढतो तशी सापेक्ष आर्द्रता चढते आणि पहाटे रिंगण ठिकठिकाणी ‘पाझरलेलं’ दिसतं. गार कोपऱ्याच्या बाजूला सगळ्यात आधी. त्याचा अर्थ कोणी भलताच लावण्याआधी, त्याच पिशवीतलं मूठभर मीठ दुसऱ्या खोलीत ताटलीत ठेवा आणि शेजारी आर्द्रतामापक ठेवा.

मेणबत्त्या विधीपुरत्याच, प्रत्येकीखाली फरशीचा तुकडा. एक मेणबत्ती साधारण ४० ते ८० वॉट उष्णता देते, म्हणजे पाच मिळून दोन-तीन माणसं खोलीत वाढवल्यासारखं. ज्योतीवरची गरम हवा छताला जाते आणि बाजूने गार हवा खाली येते. ज्या कोपऱ्यात आधी झोत नव्हता तिथेही तो तयार होतो. विधीनंतर मेणबत्त्या विझवून खिडकी अर्धा तास उघडी आणि मग अर्धा तास बंद, त्यानंतरच दुसरी फेरी.

धूप मात्र दोन्ही कामं करतो. पठणाच्या वेळी भरपूर धूर केला तर कॅमेरे निरुपयोगी होतात. एकच उदबत्ती घेऊन संथपणे भिंतीच्या कडेने प्रदक्षिणा घाला. धुराची रेघ सरळ वर जाते तिथे हवा शांत. जिथे ती वाकते तिथे थांबा, वाकण्याची दिशा जोडीदाराला सांगा, तो नकाशावर बाण काढेल. खिडकीची फट, स्विचबोर्डाची पेटी, दाराखालची जागा अशी सापडते. घरात कोणाला दमा असेल तर धूर दारातच थांबवा.

घंटेचं पुढचे सांगतीलच. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: विधीला सुरुवात आहे तशी समाप्ती हवी. रिंगण मोडणं, मीठ गोळा करणं, दार उघडून उजेड आत घेणं हे घरच्यांसमोर व्हावं. अर्धवट सोडलेला विधी त्या घरात आणखी एक भीती ठेवून जातो. आणि पठण करणाऱ्याच्या हातात यंत्र देऊ नका. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने नोंदायचं.

निनाद

घंटेबद्दल. सगळे रेकॉर्डर आणि कॅमेरे चालू करून झाले की पहिली घंटा एकदाच, स्पष्ट, कॅमेऱ्याला दिसेल अशी वाजवा आणि वेळ मोठ्याने सांगा. सगळ्या फायली त्या टोल्यावर जुळवता येतात. पण तेवढं पुरत नाही. स्वस्त रेकॉर्डरची घड्याळं दहा लाखांत वीस भागांनी जरी चुकली तरी तीन तासांत ०.२ सेकंदाचा फरक पडतो. म्हणून दर अर्ध्या तासाला एक टोला. विधीतही तो खटकत नाही, प्रहर मोजल्यासारखा वाटतो.

टकटक कुठल्या भिंतीतून येते हे शोधायला मात्र दोन वेगळे रेकॉर्डर चालणार नाहीत. आवाज ३ मीटर जायला सुमारे ९ मिलिसेकंद घेतो, तेवढी जुळवणी टोल्यावरून भरवशाने होत नाही. एकाच रेकॉर्डरला लांब वायरने दोन माइक जोडा आणि समोरासमोरच्या भिंतींपाशी ठेवा. ज्या माइकवर टकटक आधी, ती बाजू.

फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद करा. ती चालू असली की शांततेत रेकॉर्डर स्वतःचीच सळसळ फुगवतो आणि कान त्यात शब्द शोधतो. नंतर नॉइज रिडक्शन लावू नका, त्यातून उरणारे तुकडे हुबेहूब बोलण्यासारखे लागतात.

खोलीत कुजबुज पूर्ण बंद. कुजबुजीत स्वर नसतो, त्यामुळे रेकॉर्डिंगवर ती कोणाची हे ओळखता येत नाही, आणि ‘आवाज’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कित्येक फायलींत हीच सापडते. बोलायचं ते मोठ्याने. आणि स्वतःचा प्रत्येक आवाज तिथल्या तिथे सांगायचा: ‘खुर्ची करकरली’, ‘पोटात गुरगुरलं’, ‘गुडघा वाजला’.

काजवा

मनापासून आभार. दारावरचा खडूचा डाग आणि पाण्याची ताटली दोन्ही करणार. एक राहिलं: १९ हर्ट्झचा न ऐकू येणारा आवाज माणसाला घाबरवतो असं वाचण्यात येतं. या खोलीत तो असू शकेल का? आणि ‘कोणी उभं आहे’ ही जाणीव नोंदायची कशी? तिला यंत्र नाही.

मापाडी

१९ हर्ट्झचा उगम विक टँडी आणि टोनी लॉरेन्स यांच्या १९९८ सालच्या लेखात आहे. एका प्रयोगशाळेत माणसांना अस्वस्थ वाटायचं, नजरेच्या कडेला करडं काही दिसायचं. शिकंज्यात धरलेली तलवारीची पाती आपोआप थरथरू लागली आणि माग एका एक्झॉस्ट पंख्यापर्यंत गेला. पंख्यामुळे खोलीत १९ हर्ट्झच्या आसपासची स्थिर लहर उभी राहत होती.

आता तुमची खोली. दोन बंद भिंतींमध्ये बसणारी सगळ्यात खालची लहर काढायला ३४३ ला (हवेतला आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) लांबीच्या दुपटीने भागायचं. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, उत्तर येतं ४० हर्ट्झ. तो आवाज कानाला ऐकू येतो, घुमल्यासारखा. १९ हर्ट्झला ९ मीटर लांबी लागते. तेव्हा खोली स्वतः तो धरून ठेवणार नाही. बाहेर ९ मीटरचा बोळ आणि त्यात पंखा असेल तर बोळ तपासा.

पण त्याच्यावर फार भर देऊ नका. लंडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाँट’ प्रकल्पात मुद्दाम ‘झपाटलेली’ खोली बांधली होती. ७९ जणांना एकेकटं ५० मिनिटं आत सोडलं, कधी चुंबकीय क्षेत्र, कधी इन्फ्रासाउंड (कानाला न ऐकू येणारा खालचा आवाज), कधी दोन्ही, कधी काहीच नाही. बऱ्याच जणांना काही ना काही जाणवलं. पण ते यंत्रं चालू होती की बंद, यावर अवलंबून नव्हतं. ‘आत काहीतरी वाटू शकेल’ ही आधी दिलेली कल्पनाच मुख्य कारण असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून जाणिवेची नोंद अशी करा. दोघांपैकी एकाला कोपऱ्याबद्दल काहीही सांगू नका. जमलं तर तिसरं माणूस आणा, कारण हा धागा दोघांनीही वाचला असेल तर दोघेही बाद. त्याला खोलीचा कोरा नकाशा द्या, जमिनीचे १६ चौकोन पाडलेला. तो एकटाच २० मिनिटं बसेल, जिथे काही वाटेल त्या चौकोनात वेळ लिहील. तेच दुसऱ्या खोलीत. बसायला खुर्ची, पलंग नाही: पहाटे चारच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, आडवं पडलं की डोळा लागतो आणि झोपेच्या काठावर उशाशी कोणी उभं राहिल्याचा भास होणं अगदी सामान्य आहे. त्यात हातपाय हलत नसतील तर तो निद्रा-पक्षाघात (स्लीप पॅरालिसिस).

एक फेरी विधीआधी, एक विधीनंतर खोली हवेशीर करून. चारही नकाशे लगेच पाकिटात, पाकिटावर मेणाची मोहोर. आपसात बोलणं नाही, चहाच्या वेळीसुद्धा. समाप्तीची घंटा झाली की पाकिटं घरच्यांच्या हातून उघडायची.